कॉर्लिस मॅड्रीचं अर्धं पाऊल

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या टोलेडो स्टर्जन्स क्लबच्या मालकीण श्रीमती मार्गिट हालास, आजचे सत्कारमूर्ती कोच अलॉन्झो ट्रेडवेल, त्यांच्या शेजारी बसलेल्या, अठ्ठावीस हिवाळे त्यांच्यासाठी जेवण पुन्हापुन्हा गरम करणाऱ्या ओडेसाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आजी-माजी खेळाडू, मागच्या रांगेत वही उघडून बसलेले पत्रकार बंधू, आणि ज्यांच्या हातचं खाऊन आपण सगळे इथवर आलो त्या आमच्या भोजनगृहातल्या बायका, ज्यांना आज पहिल्यांदाच खुर्च्यांवर बसलेलं पाहते आहे, त्या सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. चारही छान बोलले. कोचनी घडवलेल्या खेळाडूंची नावं त्यांनी घेतली, आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. मला आज ज्याचं नाव घ्यायचं आहे, त्याच्या नावाला टाळ्या पडणार नाहीत. काहींच्या कपाळावर आठीही पडेल. तेव्हा आधी थोडी माझी ओळख करून देते, म्हणजे आठी कुणाकडे बघून घालायची हे तरी कळेल.

मी रोझलिन साबाडोश. नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीतली. या क्लबात मी टंकलेखिका म्हणून आले. पुरुषांनी लिहिलेले खेळाडूंचे अहवाल बारा वर्षं नीटनेटके टंकून दिले. तेराव्या वर्षी एका अहवालातली घोडचूक न राहवून मी समासात पेन्सिलीनं दुरुस्त केली, आणि त्यानंतर मलाच अहवाल लिहायला बसवलं. तेव्हापासून माझं काम एकच. बंद खोलीत बसायचं, खेळाडूच्या चित्रफिती बघायच्या आणि सांगायचं, हा पोरगा वाढतोय की थांबलाय? ठेवायचा की सोडायचा?

आणि कोचचं काम काय? आपल्या या अमेरिकन फुटबॉलात धावत जाऊन लांबून आलेला चेंडू झेलणारे जे रिसीव्हर, त्यांना घडवायचं. ते कसं, हे इथल्या निम्म्या लोकांनी अंगावर सोसलं आहे. टेनिसच्या चेंडूंवर हे शाईनं आकडे लिहीत, पडद्याआडून फेकत आणि ओरडत, "आकडा सांग! झेललास ते सोड, आकडा सांग!" डोळा चेंडूवर शेवटपर्यंत राहिला की नाही, ते त्यावरून कळायचं. ओडेसाबाई मला म्हणाल्या होत्या, "घरी पाहुणा आला तरी याचं तेच. संत्रं हातात देत नाही, फेकतो." ओडेसाबाई, मान हलवताय, म्हणजे खोटं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही खाली भोजनगृहात बसलो होतो. शुक्रवार होता, तळ्यातले पर्च मासे तळले होते. कोचनी नेहमीप्रमाणे माशाला तिखटाची आंघोळ घातली आणि म्हणाले, "अगं रोझलिन, त्या दिवशी माझं कौतुक करू नकोस. ते बाकीचे करतील. तू कॉर्लिसचं सांग."

मी म्हटलं, "कोच, निरोपाचा समारंभ आहे तो."

"म्हणूनच तर. सगळे एका ठिकाणी बसलेले असतील. आणि जेवण भाषणांनंतर आहे, कुणी उठून जाणार नाही."

तर मंडळी, जेवण भाषणांनंतर आहे. ऐका.

आठ वर्षांपूर्वी आपण कॉर्लिस मॅड्रीला निवडला. नॉर्थ कॅरोलिनातल्या वेल्डन गावचा, बाविशीतला. घरी आई, व्हर्लीन, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. मामा सुतार. पोरगा अंगानं शेलाटा, पण चेंडू हातात आला की खांदा खाली घालून असा घुसायचा, की समोरच्यानं आपली मान आपण सांभाळावी. पहिल्याच मोसमात त्यानं एकसष्ट चेंडू झेलले. त्याच्या नावाचे सदरे दुकानात संपले. वागायला मात्र अगदी मऊ. मला "मिस रोझलिन" म्हणायचा. माझ्या खोलीच्या दारात टोपी काढून उभा राहायचा आणि विचारायचा, "मिस रोझलिन, आज माझ्यात काय खोट सापडली?" मी म्हणायची, "बस, यादी मोठी आहे." आणि तो खरंच बसायचा, एकेक खोट लिहून घ्यायचा. किती खेळाडू असं करतात? माझ्या बघण्यात तीन.

त्याच मोसमात, डिसेंबरात, आपल्याच मैदानावर ती गोष्ट घडली. तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. कॉर्लिसनं मैदानाच्या मधल्या पट्ट्यात चेंडू झेलला, वळला, नेहमीसारखा खांदा खाली घातला. समोरून पाहुण्या संघाचा बचावपटू आला, एल्डन क्रेब्स. तेवीस वर्षांचा, इथून सव्वा तासावरच्या लायमा गावचा. त्याचं डोकं खाली होतं. टक्कर झाली. कॉर्लिस उठला. एल्डन उठला नाही.

पंचांनी शिट्टी दिली नाही, कारण नियम कुणीच मोडला नव्हता. दोष कुणाचाच नव्हता. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पण एल्डन क्रेब्सला त्या दिवसानंतर मानेखाली काही हलवता आलं नाही.

आपण काय केलं? फुलं पाठवली. पुढच्या सामन्याआधी सगळे मिनिटभर उभे राहिलो. आणि मग पुढचा सामना खेळलो. दुसरं करणार तरी काय होतो?

दुसरा मोसम सुरू झाला आणि कॉर्लिसचे आकडे घसरले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग हातातले चेंडू सुटायला लागले. व्यवस्थापकांनी मला सांगितलं, "रोझलिन, याचं काय बिनसलंय ते शोधून काढ." मी त्याच्या मोसमभराच्या चित्रफिती घेऊन बसले. प्रत्येक झेल वीस-वीस वेळा पाहिला. पुढे, मागे, संथ. आणि मला सापडलं. मैदानाच्या कडेनं धावताना हा पूर्वीसारखाच. पण मधल्या पट्ट्यात शिरला आणि समोरून कुणी आलं, की चेंडू हातात यायच्या क्षणी त्याचं अर्धं पाऊल आखडायचं. अर्धंच. आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही. मोसमभरात त्रेचाळीस वेळा तो मधल्या पट्ट्यात शिरला, त्यातल्या एकतीस वेळा पाऊल आखडलं. खेळाचा तोल तिथे जायचा, आणि चेंडूही.

मंडळी, खरं सांगते, मला आनंद झाला. जे कुणालाच दिसलं नव्हतं ते मला दिसलं होतं. मी घरी जाताना वाटेत केक घेतला होता, एवढा आनंद.

पाऊल का आखडतं, याचं उत्तर आमच्या धंद्यात तयारच असतं. मार बसण्याची भीती. ज्यानं एक भयंकर टक्कर जवळून पाहिली, त्याला समोरच्याची पावलं ऐकू यायला लागतात. मला दुसरं कारण सुचलंही नाही. चित्रफितीला आवाज नसतो, आणि शिरस्त्राणाच्या आत चेहरा दिसत नाही.

मी कॉर्लिसला बोलावून ती चित्रफीत दाखवली. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मी विचारलं, "घाबरतोस का रे?"

तो म्हणाला, "हो, मिस रोझलिन."

मी पुढे विचारायला हवं होतं, कशाला घाबरतोस? एवढे दोन शब्द. ते मी विचारले नाहीत. उत्तर मिळालं होतं ना मला.

तिसऱ्या उन्हाळ्यात सराव शिबिर झालं, आणि मोसमाआधीचा शेवटचा सराव सामना आला. इथल्या पुष्कळांनी तो पाहिला आहे, पुष्कळांनी त्यात हुर्यो केली आहे. कॉर्लिसनं मधल्या पट्ट्यात चेंडू झेलला. या खेपेला पाऊल आखडलं नाही, पूर्ण वेगानं झेलला. समोर रेषा सात यार्डांवर. आड एकच नवखा बचावपटू, डोकं खाली घालून धावत येणारा. खांदा घालून रेषा ओलांडली असती तर टचडाउन होता, संघाला सहा गुण. आणि कॉर्लिस खाली बसला. चेंडू पोटाशी धरून, गवतावर, गुडघ्यांवर. तो पोरगा त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडला आणि हसत उठला. अख्खं मैदान ओरडत होतं. "घरी जा! आईकडे जा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. माझा अहवाल टेबलावर होता. त्यातलं वाक्य मला तोंडपाठ आहे: 'खेळाडूची वाढ थांबली आहे. भित्रा आहे. हे शिकवून जात नाही.'

कोच म्हणाले, "या पोराला एक वर्ष द्या."

व्यवस्थापकांनी विचारलं, "कारण?"

"कारण मी मागतोय. अठ्ठावीस वर्षांत..." नाही, तेव्हा बावीस झाली होती. "बावीस वर्षांत मी कुणासाठी काही मागितलंय?"

"लॉन्झो, याला कागदावर किती गुण द्यायचे ते सांग."

कोच माझ्याकडे वळले. "रोझलिन, तो शब्द खोड."

मी म्हटलं, "कोच, एकतीस वेळा मोजलंय मी."

"मोजलेलं बरोबर आहे. शब्द खोड."

"मग दुसरा कोणता लिहू? सांगा तुम्ही."

कोच ओठ घट्ट मिटून टेबलाकडे बघत बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याकडे उत्तर नाही. मी तो शब्द ठेवला.

दुपारी कॉर्लिस सामान घेऊन निघाला. माझ्या दारात थांबला, टोपी हातात. म्हणाला, "मिस रोझलिन, तुमच्याकडून खूप शिकलो." आणि गेला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तीन क्लबांचे फोन आले. मॅड्रीचं काय, म्हणाले, घ्यावा का? मी तोच शब्द तिघांना सांगितला. मग तो जिन्यात कुणाला तरी सांगितला. आणि मग तो वर्तमानपत्रात आला, 'क्लबातल्या जाणकारांच्या मते' असा. पत्रकार बंधूंनो, तुमच्याकडे बोट दाखवत नाही. तो माझ्या टेबलावरूनच निघाला होता. कॉर्लिस मॅड्रीला पुन्हा कुणी घेतलं नाही. चोविसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला.

यानंतर पाच वर्षं मी सुखानं झोपले, हेही सांगायला हवं.

गेल्या मार्चमध्ये एल्डन क्रेब्स न्यूमोनियानं गेला. क्लबच्या वतीनं पुष्पचक्र घेऊन कुणीतरी जायला हवं होतं, मी गेले. लायमातलं छोटं चर्च. शवपेटी उचलणारे सहाजण आत आले, आणि डाव्या बाजूचा पहिला कॉर्लिस होता. अंगानं भरलेला, दाढी राखलेला. पण चाल मी ओळखली. एवढ्या वेळा पाहिलेली चाल चुकेल का?

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. एल्डनची आई, लोरेन क्रेब्स, माझ्यापाशी आल्या. बाई उंच, ताठ. हातात बटाट्याच्या सॅलडची ताटली. म्हणाल्या, "तुम्ही क्लबातल्या ना? आमच्या कॉर्लिसबरोबर काम केलं असेल."

आमच्या कॉर्लिसबरोबर.

मग त्यांनी सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगते. त्या डिसेंबरनंतर दर मंगळवारी, म्हणजे खेळाडूंच्या सुटीच्या दिवशी, कॉर्लिस गाडी चालवत एल्डनकडे जायचा. आधी इस्पितळात, मग घरी. लोरेनबाईंनी पहिले पाच मंगळवार त्याला दारातून परत पाठवलं. सहाव्याला एल्डन आतून ओरडला, "आई, त्याला आत घे, नाहीतर तो बाहेर गारठून मरेल आणि मग माझ्यावर येईल ते!" बाईंनी एकच अट घातली, माझ्या घरात कॅमेरा येता कामा नये. कुणाला सांगायचं नाही. त्यानं शब्द दिला आणि पाळला.

दोघं पत्ते खेळायचे. एल्डनचे पत्ते कॉर्लिस धरायचा, डोळे मिटून. एल्डन म्हणायचा, "बघतोस तू! चोर आहेस!" घराच्या पायऱ्यांवर चाकांच्या खुर्चीसाठी लाकडी उतार हवा होता, तो कॉर्लिसनं मामाला फोनवर विचारून विचारून बांधला.

आणि सामने एल्डन टीव्हीवर बघायचा. लोरेनबाई म्हणाल्या, "त्याचं पाऊल आखडतं, हे एल्डनला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं." बघा मंडळी. केक मी आणला होता.

एल्डननं त्याला झापलं. म्हणाला, "माझ्यामुळे हळू पळतोस होय रे? माझी मान माझ्यामुळे मोडली. डोकं मी खाली घातलं होतं. तू कोण लागून गेलास श्रेय घेणारा?"

कॉर्लिस म्हणाला, "मला ठाऊक आहे. पण समोरून कुणी आलं की मला तूच दिसतोस. पाय मी थांबवत नाही, एल्डन. ते आपले थांबतात."

तो घाबरत होता. माझ्याशी खोटं बोलला नव्हता. त्याला भीती मार बसण्याची नव्हती. आपल्या हातून दुसऱ्याला मार बसेल, याची होती.

एल्डननं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की शेवटच्या सराव सामन्यात पूर्ण वेगानं धावशील. लोरेनबाई म्हणाल्या, "आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. त्यानं चेंडू झेलला आणि एल्डन ओरडायला लागला, पळ, मूर्खा, पळ! मग तो पोरगा खाली बसला. एल्डन रडला. त्याचे डोळे मला पुसावे लागले. आणि मला म्हणाला, आई, बघ, त्या दुसऱ्या पोराला उठता आलं."

ताटली त्यांच्याच हातात राहिली होती. त्यांनी ती मला दिली आणि म्हणाल्या, "खा काहीतरी, लांबून आलात."

तळघराच्या कोपऱ्यात कोच उभे होते. मला ठाऊकही नव्हतं ते येणार आहेत. मी त्यांच्याकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. दर मंगळवारी कुठे जातोस म्हणून खडसावलं होतं, तेव्हा सांगितलं त्यानं. कुणाला सांगणार नाही, असा शब्द घेऊन."

"मग त्या दिवशी मला..."

"दिलेला शब्द होता, रोझलिन." मग म्हणाले, "आणि सांगितलं असतं, तर गुण वाढवले असतेस?"

मंडळी, या प्रश्नावर मी वर्षभर विचार केला आहे. उत्तर असं आहे, की नसते वाढवले. जो खांदा घालू शकत नाही, त्याला या खेळात ठेवता येत नाही. मी त्याला तेव्हाही सोडाच म्हटलं असतं. गुण बरोबर होते. शब्द चुकला. आणि गुण कुणाच्या लक्षात राहतात? माणसाला चिकटतो तो शब्द.

कॉर्लिस बाहेर गाडीपाशी होता. मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "कॉर्लिस, मी तुझ्याबद्दल चुकीचा शब्द लिहिला. मला क्षमा कर."

त्यानं टोपी काढली. सवय. म्हणाला, "मिस रोझलिन, तो शब्द माझ्या आईनं वर्तमानपत्रात वाचला. शाळेत तिच्या स्वयंपाकघरात कुणीतरी आणून दिला. तिनं मला विचारलं, तू घाबरलास का रे बाळा? मी काय सांगणार? एल्डनच्या आईला शब्द दिला होता. मी हो म्हटलं."

"मग आता सांग तिला. किंवा मी येते वेल्डनला, मी सांगते."

"तीन वर्षं झाली तिला जाऊन," तो म्हणाला.

तो गाडीत बसला, काच खाली केली, आणि रस्ता ओला आहे, हळू चालवा, एवढं मला सांगून गेला. अकरा तासांचा प्रवास होता त्याचा.

आज तो वेल्डनमध्ये मामाचं सुतारकाम बघतो. या समारंभाचं बोलावणं कोचनी त्याला स्वतः फोन करून दिलं. तो म्हणाला, "कोच, तुमच्यासाठी कुठेही येईन. त्या इमारतीत मात्र पाय ठेववत नाही." मग मी फोन केला. विचारलं, हे सगळं सभेत सांगू का? लोरेनबाईंनी संमती दिली होती. त्याची हवी होती. तो म्हणाला, "एल्डन गेला, आई गेली. आता लपवायचं कुणापासून? सांगा. पण एल्डनला बिचारा म्हणू नका. त्याला राग यायचा."

मी म्हटलं नाही, कॉर्लिस. कुणाला म्हणूही दिलं नाही.

अध्यक्षाबाई, आपल्या क्लबात अहवाल एकदा दाखल झाला की त्यात खाडाखोड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पुरवणी जोडता येते. आज सकाळी मी ती जोडली आहे. त्यात लिहिलं आहे, की खेळाडू क्रमांक चौऱ्याऐंशी, कॉर्लिस मॅड्री, याच्याबद्दल भित्रा हा शब्द मी कारण न विचारता लिहिला, तो खोटा आहे आणि तो मी मागे घेते. खाली माझी सही आहे. साक्षीदाराच्या जागी कोच ट्रेडवेल यांची आहे, आणि क्लबातली त्यांची ही शेवटची सही. पत्रकार बंधूंनो, तेव्हा तुम्ही तो शब्द छापला होता. हेही छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

कोच, तुमचं कौतुक करू नकोस म्हणालात, म्हणून करत नाही. एवढंच सांगते, की बैठकीत तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर माझा शब्द खोडला गेला असता. पण दिलेला शब्द तुम्ही मोडला नाहीत, आणि मग त्या पोराच्या आईचं काय झालं तेही तुम्हाला माझ्याइतकंच सोसावं लागलं. तुम्ही बरोबर होतात की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, हे मी त्या तळघरात तुमच्या तोंडावर पाहिलं. ओडेसाबाई, यांना आता घरी न्या. आराम करू द्या.

मला बोलायला बोलावलंत आणि मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल मी अध्यक्षाबाईंची आणि व्यवस्थापकांची आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी मी जड बोलले. वेळही जास्त घेतला, जेवण निवत असेल. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर सभेनं ते मोठ्या मनानं पोटात घालावं.

त्या एका शब्दाची क्षमा मात्र मी सभेकडे मागत नाही. ती ज्याच्याकडे मागायची त्याच्याकडे मागितली आहे. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. ते द्यावं, असं कुणी त्याला सुचवू नये, एवढी विनंती करते आणि खाली बसते.